ताईचा पासंग

आमची ताई वजनकाटे दुरुस्त करते. दुकान वडिलांचं, आता तिचं. कुणी तराजू घेऊन आलं की ती आधी दोन्ही पारडी रिकामी सोडते आणि काटा कुठे झुकतो ते बघते. रिकाम्या तराजूचा हा जो कल, तो पासंग. "आधी पासंग बघावा, मग माल," हे तिचं वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. माणसांच्या बाबतीतही तिचं तेच. भाजीवाला हसून बोलला, की आज भाजी शिळी असणार.

गेल्या वर्षी तिला अवघड जागी फोड आला. लाजेपायी आठ दिवस काढले आणि डॉक्टरीणबाईंकडे गेली तेव्हा तो सुकत आलेला.

"ओला असता तर त्यातलं पाणी तपासता आलं असतं," बाई म्हणाल्या. "हर्पीस असेल, संबंधांतून लागतो तो; नसेलही. कपडा घासूनही असं होतं."

मग रक्त तपासलं. आकडा आला एक पूर्णांक चार. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, एक पूर्णांक एकच्या वर पॉझिटिव्ह.

"हा काठावरचा आकडा आहे. असे आकडे पुष्कळदा खोटे निघतात," बाईंनी समजावलं. "तीन महिन्यांनी परत बघू. आणि खरा निघाला, तरी कधी झालं, कुणाकडून झालं, ते रक्त सांगत नाही. वर्षानुवर्षं अंगात गप्प बसतं ते."

ताईने यातलं 'कुणाकडून' तेवढं ऐकलं.

लग्नाला बावीस वर्षं झालेली. तिच्या आयुष्यात दुसरा पुरुष नाही. राहिले भावोजी. ते जुन्या पुस्तकांची बांधणी करतात आणि दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतात.

"अगं, भावोजी?" मी म्हटलं. "काहीतरीच!"

"मांजर डोळे मिटूनच दूध पितं," ताई म्हणाली.

तिने त्यांचे सदरे हुंगले, खळीचा वास आला. फोन उघडला, त्यात फाटक्या पुस्तकांचे फोटो. टॉवेल वेगळा केला. आपली कंबर दुखते असं सांगून त्यांची उशी बाहेरच्या खोलीत टाकली. भावोजींनी काही विचारलं नाही. "विचारत नाहीत, म्हणजे माहीत आहे," ताई म्हणे. विचारलं असतं तर म्हणाली असती, चोराच्या मनात चांदणं. मला त्या दिवसांत तिचा खरंच राग यायचा.

आणि एक दिवस कपाटात त्यांची जुनी फाइल सापडली. नऊ वर्षांपूर्वीची चिठ्ठी. डॉक्टरी अक्षरात एकच शब्द लागत होता, हर्पीस. पुढचा शब्द फाइलला पाडलेल्या भोकात गेलेला. तारीख, भावोजी तीन आठवड्यांच्या बाहेरगावच्या कामावरून परतले त्या आठवड्याची.

"सापडलं," तिने मला फोन केला. आवाज थंड होता. "दुसरा रिपोर्ट येऊ दे. दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवते आणि दुकानाच्या माळ्यावर राहायला जाते." माळा तिने झाडूनही घेतला होता.

दुसऱ्या रिपोर्टला मी सोबत गेले. आकडा आला शून्य पूर्णांक सहा.

"निगेटिव्ह. पहिला खोटाच होता," बाई म्हणाल्या. "तुम्हाला हे नाही."

दुसरी कुणी उठून नाचली असती. ताईने पर्समधून जुनी चिठ्ठी काढली. "मग हे काय?"

बाईंनी कागद उजेडात धरला, खालची औषधं वाचली. "हर्पीस झोस्टर. आपण नागीण म्हणतो ना, ती. नाव सारखं, पण आजार वेगळा. लहानपणच्या कांजिण्या अंगात राहतात, त्या पुन्हा उठतात. त्याला बाहेर कुठे जावं लागत नाही."

"नागीण?" ताई म्हणाली.

मला सगळं आठवलं. भावोजींच्या कमरेला नागीण झाली होती आणि आत्याने सांगितलं होतं, तिचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो. ताई रोज सकाळी टेप लावून फोडांमधलं अंतर मोजायची. चौदा दिवस मोजलं होतं तिने, डोळे पुसत. तिला नागीण माहीत होती. हर्पीस हा तिच्या लेखी बदफैली माणसाचा रोग होता. घरातल्याच नागिणीला न ओळखता ताई साप साप म्हणून भुई धोपटत बसली होती.

"ताई, पासंग बघायचा राहिला तुझा," रस्त्यात मी म्हटलं. ती हसली नाही.

घरी भावोजी एका पुठ्ठ्याला खळ लावत होते. ताईने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फोड, काठावरचा आकडा, सदरे, फोन, माळा, सगळं. त्यांनी ब्रश पाण्यात ठेवला.

"तुला काहीतरी मोठं झालंय आणि तू मला सांगत नाहीस, असं वाटायचं मला," ते म्हणाले. "विचारायची भीती वाटायची."

ताईला रडू फुटलं. ती बाहेरच्या खोलीत गेली आणि त्यांची उशी छातीशी धरून आत आणायला लागली.

"राहू दे ती तिकडेच," भावोजी म्हणाले. "माझा आकडा सध्या काठावर आहे. तीन महिन्यांनी परत बघू."