प्रतिकूल घटना : नाही

गुडघेदुखीच्या एका नव्या गोळीची चाचणी बीडमधल्या आमच्या दवाखान्यात सुरू झाली, तेव्हा मी तिथं समन्वयक होते. म्हणजे पेशंटांना फोन करायचे, त्यांच्या सह्या घ्यायच्या आणि डॉक्टरांना त्यांची सही कुठं हवी ते बोटानं दाखवायचं. आधी हे कागदावर चालायचं. कागदावर चहा सांडतो, अक्षर लागत नाही. म्हणून कंपनीनं प्रत्येक पेशंटला एक मोबाईल दिला. रोज संध्याकाळी तो वाजणार, पेशंटनं पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि माणसाच्या चुकांचा विषय कायमचा मिटणार. शिकवायला आलेल्या साहेबांनी असंच सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. जेवण चांगलं होतं.

त्या प्रश्नांचं मराठी कुणी केलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ज्यानं केलं त्याची मराठीशी तोंडओळख असावी, जाणंयेणं नसावं. पाचवा प्रश्न होता, ‘गत चोवीस तासांत आपणांस कोणतीही प्रतिकूल घटना अनुभवास आली काय?’ खाली दोन बटणं, होय आणि नाही. गोळीनं काही त्रास झाला का, एवढंच विचारायचं होतं.

माझ्या पेशंटांत तेलगावच्या एक मावशी होत्या. साठीच्या, कपाळावर विभूती, घरच्या किराणा दुकानात उठबस करून गुडघे गेलेले. चष्मा लावून रोज पेपर वाचणाऱ्या. त्यांना बटणं दाखवली आणि मनात म्हटलं, यांची काळजी नको. खरंच नव्हती. माझ्या कॉम्प्युटरवर त्यांच्यापुढं रोज हिरवी खूण यायची. प्रतिकूल घटना : नाही, नाही, नाही. कंपनीच्या पुण्यातल्या तपासनीस मॅडमनी फोन करून माझं कौतुक केलं. मीही ते घरी सगळ्यांना ऐकवलं.

दीड महिन्यानं मावशी तपासणीला आल्या, त्या नवऱ्याच्या चपला घालून.

“मावशी, या चपला?”

“माझ्या जात न्हाईत आता. पाय लई सुजलेत.”

मी खाली बसून अंगठ्यानं घोटा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

“कधीपासून?”

“गोळी सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांनी.”

“मग मोबाईलमध्ये कावून भरलं न्हाई?” घाबरले की माझी बोली घरची होते.

“त्यात पायाचं कुठं विचारलंय? घटना विचारतंय. आमच्याकडं काय घटना घडली न्हाई. मागं शेजारी चोरी झालती, ते मी ‘होय’ भरणार होते. पण म्हटलं, ती त्यांच्याकडं झाली.”

डॉक्टरांनी गोळी तिथंच बंद केली आणि रक्त तपासायला पाठवलं. किडनीवर परिणाम व्हायला लागला होता, ते नंतर रिपोर्टमध्ये दिसलं. मी मावशींसमोरच पुण्याला फोन लावला.

“पण सिस्टिममध्ये तर ‘नाही’ दिसतंय,” मॅडम म्हणाल्या.

“पाय सुजलाय, मॅडम.”

“हो, पण पेशंटनं स्वतः रोज ‘नाही’ नोंदवलंय ना?”

“पाय माझ्यासमोर आहे.”

“मग फोटो अपलोड करा.”

फोटो अपलोड होईना. पाय ठरलेल्या आकारापेक्षा मोठा आहे, असं सिस्टिमचं म्हणणं पडलं. त्याबाबतीत आमचं एकमत होतं.

प्रश्न बदलता येईल का, असं मी विचारून पाहिलं. भाषांतर समितीनं मंजूर केलेलं आहे, बदल पुढच्या आवृत्तीत बघू, असं उत्तर आलं. समितीकडं वेळ होता, पेशंटांकडं नव्हता. त्याच दुपारी मी उरलेल्या सगळ्यांना एकेक करून फोन केले. लिंबागणेशचे एक शेतकरी काका म्हणाले, “तरास हाय की! सकाळी तोंड सुजतं. पण त्याला घटना कोण म्हणतं, ताई?” आणखी एका बाईंचंही तेच. दोघांच्याही पुढं हिरव्या खुणांची रांग होती. दोघांच्या गोळ्या बंद झाल्या.

त्या दिवशी मला भाषांतरकाराचा राग आलाच, पण लाज माझी वाटली. बटण कसं दाबायचं ते मी शिकवलं होतं. प्रश्न एकदाही सोबत वाचला नव्हता.

मावशींची सूज उतरली. काही आठवड्यांनी रक्ताचा रिपोर्टही ठीक आला. मोबाईल त्यांनी पुसून, खोक्यात घालून परत आणला.

“माझ्यामुळं तुला कुणी बोललं तर न्हाई ना, पोरी?”

मी खोका घेतला आणि त्यांना रिक्षापर्यंत सोडलं.

पुढं कंपनीच्या बैठकीत मोठ्या पडद्यावर आमचं केंद्र झळकलं. डिजिटल प्रणालीमुळे दुष्परिणाम वेळेत लक्षात आले, असं त्यावर लिहिलं होतं. मावशींच्या पायाचा फोटो मात्र नव्हता. काही महिन्यांनी नवी आवृत्तीही आली, प्रश्न सुधारून : ‘गत चोवीस तासांत आपणांस कोणतीही अनिष्ट घटना अनुभवास आली काय?’

मी दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना रोज फोन करायला लागले. तब्येत कशी हाय, एवढंच विचारायचे. कंपनीच्या नियमात ते बसत नाही, असं मला दोनदा लेखी कळवण्यात आलं.