गाडीवर बसवून चेन बघणारा मिस्त्री

"कोनं आवळली बे हे चेन?" वडनेर भोलजीच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने विचारलं.

"मीच. लवकर करा काका, संग्रामपूरले मजुरांची सभा आहे."

त्याने माझ्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाचे नट सैल केले, दोन्ही चाकांना दोरी लावली आणि एक डोळा मिटून चाक सरळ आणलं. मग मला पत्रकांच्या गठ्ठ्यासकट सीटवर बसवून बोटाने चेन उचलून पाहिली. हे मला नवीनच होतं.

"बसायचं काऊन?"

"वजन पडलं का चेन ताणते. रिकाम्या गाडीचं माप घेशीन तं रस्त्यात तुटन."

संग्रामपूरपर्यंत ते रिकाम्या गाडीचं माप माझ्या डोक्यात घोळत राहिलं. पत्रकातली मजुरीची मागणी आम्ही कार्यकर्त्यांनीच बुलढाण्याला खोलीत बसून ठरवली होती. शेतात तण निंदणाऱ्या एकाही बाईला विचारलं नव्हतं. सभेत गठ्ठा सोडण्याआधी मी ते सांगून टाकलं. बायांनी ती मागणी तिथेच खोडायला लावली.