शेजाऱ्याचं बिल

मंदीत दुबईच्या एका सरकारी खात्यात मी फायनान्सला होतो. त्या वर्षी आमची कर्जाची मर्यादा संपली. बँका आणखी एक दिरहम द्यायला तयार नव्हत्या. साहेब जॉर्डनचे. त्यांनी मला सांगितलं, आधी बँकांचे हप्ते, मग पगार, उरेल त्यात कंत्राटदार. यादी तू कर.

दर गुरुवारी कुणाला तरी आत बोलावून नोकरी गेल्याचं पत्र देत. बायको-मुलीचा व्हिसा माझ्या नोकरीवर. टेबलावरचा फोन वाजला, की मी आधी नंबर कुणाचा ते बघायचो.

मी राहायचो त्या करामा भागात, आमच्या खालच्या मजल्यावर वसईचा एक जण राहायचा. आमच्याच खात्याच्या नव्या इमारतीत त्याने एसीचं डक्टिंग केलं होतं. ऐंशी हजार दिरहम अडकले होते, म्हणजे दहा लाखांच्या वर. मालवाल्याला त्याने पुढच्या तारखेचा चेक दिलेला. तो न वटता परत गेला, तर तिथे थेट पोलीस.

एकदा मी मुलीला घेऊन लिफ्टमध्ये होतो, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, माझं नाव यादीत कुठे आहे तेवढं सांगा."

ऑफिसचं सांगता येत नाही, असं मी पुटपुटलो. तो बाहेर पडल्यावर मुलीने विचारलं, "डॅड, व्हाय वॉज अंकल क्रायिंग?"

दुसऱ्या दिवशी मी लहान कंत्राटदार वर घेतले आणि एक मोठी कन्सल्टन्सी खाली ढकलली. यादी साहेबांपुढे ठेवली.

"हे कुणी सांगितलं?"

कुणी नाही, म्हटलं. यांच्या मजुरांचे पगार थकलेत, मोठी कंपनी थांबू शकते. मग वाटलं, उद्या दुसरीकडून कळलं तर आपण खलास. म्हणून सांगून टाकलं, "यातला एक माझा शेजारी आहे."

साहेबांनी लाल पेनाने त्याचं एकट्याचं नाव तळाला नेलं आणि बाकीच्या यादीवर सही केली.

त्याचा चेक परत गेला. पोलीस घेऊन गेले. बायकोने दागिने विकून मालवाल्याचे अर्धे फेडले, तेव्हा तीन आठवड्यांनी तो सुटला. त्याचं बिल निघायला पुढचा रमजान उजाडला. मग ते दोघं कायमचे वसईला निघाले.

निरोप घ्यायला तो वर आला, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"मी शेजारी आहे, हे साहेबांना सांगायला नको होतं, भाऊ," एवढंच म्हणाला.