सुनेचा सत्कार, सासऱ्याला शाल

मैत्रिणींनो, आज खूप थकले आहे, पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमची सून प्रणाली पर्यावरणाच्या अर्थशास्त्रात संशोधन करते. गावतलावातून बायका शिंगाडे, गवत, मासोळी घरी आणतात, त्याचं मोल कोणीच धरत नाही, हे तिनं अभ्यासून मांडलं. त्यासाठी तिला तरुण संशोधकांचा पुरस्कार मिळाला. म्हणून आज सकाळी साकोलीकडच्या आमच्या गावात देवळासमोर सत्कार होता.

नाव पुकारलं प्रणालीचं, अन् शाल घातली आमच्या ह्यांना! आमच्याकडे सासऱ्यासमोर सून खुर्चीवर बसत नाही. म्हणून तिच्या वतीनं हे बसले, तेही खुशीत. ती बाजूला पदर घेऊन उभी.

चौऱ्याहत्तर साली मी मॅट्रिक झाले, तेव्हाही हार बाबांच्याच गळ्यात पडला होता. मी आत चहा गाळत होते. ते आठवलं अन् मी उठलेच.

"भाऊ, अभ्यास हिनं केला. शाल तिले द्या."

सरपंच हसले. "काकू, शाल तुमच्याच घरी जाऊन राहिली ना? मंग काहून भांडता?"

सगळा मांडव हसला. प्रणाली माझा हात धरून म्हणाली, "राहू द्या ना आई. कायले वाद घालता?"

तिथं मी खाली बसले. नंतर देवळात हात जोडले, पण मागावं काय ते सुचेना. लोकांचं हसणं मला नवं नाही. पण एवढी शिकलेली पोर स्वतःच 'राहू द्या' म्हणते, तेव्हा तिच्यासाठी भांडायचं तरी कसं? तुम्ही काय केलं असतं?