धनीबाधित

हौसामावशीचं घर कान्हे गावात रेल्वेलाइनीला लागून होतं. गाडी आली की ती बोलता बोलता उजवा हात वर करायची आणि तोंड तसंच उघडं ठेवून थांबायची. मालगाडी असली तर चांगलाच वेळ जायचा. शेवटचा डबा गेला की हात खाली यायचा आणि शब्द जिथं तुटला होता तिथूनच पुढं निघायचा. ‘मिर’ गाडीच्या आधी झालं असलं, तर ‘ची’ गाडीनंतर यायची. मी लग्न होऊन वस्तीत आले तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. बाईला झटका आला असं समजून मी पाणी आणायला धावले. गाडी गेल्यावर मावशी म्हणाली, “पानी ठिव तितं. मला काय झालं न्हाई. इंजनाच्या तोंडाला लागू नये, आपलाच घसा जातो.”

तिचा नवरा रेल्वेत गँगमन होता. मावशी त्याचं नाव घ्यायची नाही, ‘धनी’ म्हणायची. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याला धनीच म्हणतात. तो वारला तरी तिनं लाइनीकडेचं घर सोडलं नाही. बांधा ठेंगणा, चाल भरभर, आणि आवाज असा की तिनं दारात बसून कुणाला हाक मारली तर स्टेशनवरचं माणूस वळून बघायचं. शाळेत मात्र ती एक दिवसही गेली नव्हती. आलेला कागद ती माझ्याकडून वाचून घ्यायची, कारण वस्तीतल्या शिकलेल्या मुली दिवसभर कंपनीत नाहीतर कॉलेजात. मी चौथी पास. पण मी वाचायचे ते तिच्या कानाशी, हळू. दुसरं कुणी आलं की माझी जीभ आत जायची. मावशी म्हणायची, “सुमे, तुजा आवाज म्हंजी झाकनाखालची उकळी. हाय, पन भाईर येत न्हाई.”

आमच्या बचत गटाचा डंक होता. डंक म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र. मावशी गटाची अध्यक्ष आणि मी डंकावर बसणारी. तिकोणा पेठेपासून बायका मिरच्या घेऊन आमच्याकडे यायच्या. पण वस्तीच्या मागं बंगले झाले, आणि शनिवार-रविवारी तिथं राहायला येणाऱ्या लोकांनी पंचायतीत अर्ज दिला की डंकाच्या आवाजानं शांतता मोडते. मावशी म्हणाली, “रेल्वेच्या कडंला बंगला बांधायचा आन डंकाला नावं ठिवायची. इंजनाला बोलायची टाप न्हाई, म्हनून मिरचीला बोलत्यात.” पण तिचं बोलणं कागदावर चढलं नाही आणि त्यांचं चढलं. पंचायतीनं सांगितलं, राहत्या आळीत डंक चालणार नाही, दुसरीकडं हलवा. दुसरीकडं म्हणजे कुठं, ते कुणी सांगितलं नाही. डंकावर ताडपत्री पडली. मिरचीचा हंगाम यायच्या आत जागा मिळाली नाही, तर तळेगावचा एक माणूस यंत्र घेऊन जाणार होता. तसं त्याच्याशी बोलणंही झालं होतं. डंक गेला असता तर आम्हा बारा बायकांना पुन्हा बंगल्यांची भांडी घासायला जावं लागलं असतं, ज्यांनी डंक बंद केला त्यांचीच.

अशात एक दिवस मावशी हातात नोटीस घेऊन विहारात आली. आमच्या गटाची बैठक वस्तीतल्या बुद्धविहारात दुपारी भरते. ग्रामसेवकांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो. त्यांनी तिला नोटीस आणि कोऱ्या अर्जांचा गठ्ठा दिला होता. सरकारचा कसलासा निधी आला होता आणि त्यातून जागा मिळण्यासारखी होती. “वाच,” मावशी म्हणाली. मी तिच्या कानाशी गेले. “कानात न्हाई. समद्यास्नी ऐकू जाऊ दे.”

मी उभी राहिले. झेरॉक्स पुसट होती आणि पहिलंच अक्षर जोडाक्षर होतं. मी त्यातला ‘ध’ पकडला आणि बाकीचं सोडून दिलं. मोठ्यानं वाचलं, “धनीबाधित क्षेत्र पुनर्विकास निधी.”

आमच्या गटातली पारू म्हणाली, “म्हंजी धन्याची बाधा झाल्याल्या बायांसाठी?”

“तसंच असंल,” कुणीतरी म्हणालं. “सरकार आजकाल बायकांचं कायबाय इचारतंयच.”

“आन पुनर्विकास?”

सगळ्यांनी मावशीकडं पाहिलं. मावशीनं नोटीस माझ्या हातातून घेतली, उलटी-सुलटी करून बघितली आणि माझ्याकडं एक नजर टाकली. मग म्हणाली, “धन्यानं बिघडवल्यालं पुना नीट करायचं. लिव गं सुमे अर्ज.”

अर्जातले रकाने असे होते की शंका यायला जागाच नव्हती. पहिला रकाना, बाधेचा स्रोत. मला ‘स्रोत’ समजेना. मावशी म्हणाली, “जितनं पानी येतं त्यो सोत. तसंच, जितनं तरास येतो त्यो.” मग मी प्रत्येकीच्या नवऱ्याचं नाव लिहिलं. दुसरा रकाना, स्रोतापासूनचं अंतर. बहुतेकींनी ‘एकाच खोलीत’ सांगितलं. एकीचा नवरा सुदुंबऱ्याला कंपनीत रात्रपाळी करायचा, तिनं विचार करून सांगितलं, “लिव, पंधरा दिस लांब, पंधरा दिस जवळ.” बाधा सतत की अधूनमधून? पारू म्हणाली, “पगार झाला की सतत, संपला की अधूनमधून.” यापूर्वी तक्रार केली असल्यास कोणाकडे? ‘सासूकडे. उपयोग झाला नाही.’ हे चौघींच्या अर्जात सारखंच आलं. शेवटचा रकाना, अपेक्षित सुविधा. तिथं मावशीनं सगळ्यांकडून एकच लिहून घेतलं, डंकासाठी जागा.

सुरुवातीला हसणं चाललं होतं. मग एकेक जण माझ्याजवळ सरकून बसली आणि हळू आवाजात सांगायला लागली. जे वहिनीला, बहिणीला सांगितलं नव्हतं ते मला सांगत होत्या, कारण मी मान खाली घालून लिहीत होते. मी माझ्या अर्जात ‘घोरतात, अधूनमधून’ एवढंच लिहिलं. बाकीचं काही नव्हतंही.

शेवटी मावशी म्हणाली, “माझा बी लिव.”

“मावशी, तुझे धनी वारले की. त्यांची आता कसली बाधा?”

“हाय. सकाळच्याला, च्या ठिवताना. आधन दोन कपाचं पडतंय. लिव, अधूनमधून.”

मी लिहिलं.

आठवड्यानं पंचायतीसमोर सभा भरली. पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. आमचे गठ्ठ्यातले अर्ज त्यांच्या पुढ्यात होते. त्या उभ्या राहिल्या आणि सांगायला लागल्या की ही ध्वनिबाधित क्षेत्राची योजना आहे. ध्वनी म्हणजे आवाज. रेल्वे आणि मोठ्या रस्त्याच्या आवाजामुळं जी जमीन राहायला नकोशी झाली, ती सरकारी पैशातून दुसऱ्या कामासाठी नीट करायची. आपल्या गावात लाइनीपलीकडच्या रिकाम्या पडलेल्या जुन्या खोल्या आणि त्यांच्यापुढचं मैदान यात बसतं.

माझ्या कानातून वाफ निघाली. मी पारूच्या मागं सरकले. पारूनं मागं वळून विचारलं, “ध्वनी? धनी न्हाई?”

मॅडमनी वरचा अर्ज उचलला. पहिला रकाना वाचला, दुसरा वाचला, आणि तोंडावर रुमाल धरला. उपसरपंच शेजारीच बसले होते. त्यांना त्या मैदानावर लग्नाचं लॉन करायचं होतं. त्यांनी अर्ज ओढून घेतला आणि मोठ्यानं वाचला. “बाधेचा स्रोत, कोंडिबा. बाधा, पगार झाला की सतत.” कोंडिबा पारूचा नवरा. तो मागच्या रांगेत तंबाखू मळत होता, तो मळायचाच थांबला. पुरुषमंडळी हसायला लागली, पण पुढचं नाव आपलं असेल या भीतीनं पोटभर कुणी हसेना. उपसरपंच म्हणाले, “मॅडम, हे अर्ज बाद करा. बायकांनी थट्टा लावलीय. लॉनचा आमचा एकच अर्ज आहे, तो बरोबर आहे.”

मॅडम म्हणाल्या, “अर्जांची मुदत आजच संपते. असे अर्ज मला धरता येणार नाहीत.”

मला वाटलं, आता तळेगावचा माणूस टेम्पो घेऊन येणार आणि डंक माझ्यामुळं जाणार. एका अक्षरामुळं.

मावशी उठली. “म्याडम,” म्हणाली, आणि तेवढ्यात मालगाडी आली. मावशीनं हात वर केला. आम्हाला सवय होती. पण मॅडमना वाटलं, बाई शपथ घेते आहे, म्हणून त्याही उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्या म्हणून भाऊसाहेब उठले, मग नाइलाजानं उपसरपंचही. अख्खी सभा मालगाडी जाईपर्यंत उभी होती.

“...तुमी म्हनता आवाजाचा तरास,” हात खाली घेत मावशी म्हणाली. “मग ह्या कागदात दुसरं काय हाय? कुनी वराडतंय, कुनी घोरतंय. इंजनाला रूळ तरी हायत, ते आपल्या वाटनं जातं. बरं, ते ऱ्हाऊ द्या. आमचा डंक आवाज करतो म्हनून वस्तीतनं काडला. तुमची जागा आवाजाची हाय म्हनून मोकळी पडली. डंक तितं ठिवा. मिरची काय कानावर हात ठिवत न्हाई. आन उपसरपंच भाऊ, लगीन लावताना मालगाडी आली तर ‘सावधान’ कुनी कुनाला म्हनायचं?”

या वेळी पुरुषमंडळी पोटभर हसली. उपसरपंचांच्या घरातल्या बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांच्या मिरच्याही आमच्याच डंकावर यायच्या.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. म्हणाल्या, “मी चारपर्यंत आहे. तेवढ्यात नवे अर्ज भरून द्या, मी घेते. पण आधी योजनेची माहिती सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली पाहिजे, आणि वाचणाऱ्यानं खाली सही केली पाहिजे. म्हणजे पुन्हा गोंधळ नको.”

भाऊसाहेब पुढं झाले. मावशीनं त्यांना अडवलं. “तुमी बसा. ही वाचल.”

मी ‘नाही’ म्हणून मान हलवली. मावशी माझ्याजवळ आली आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली. “चुकायचं ते चुकून झालंय की आता. ह्याच्या म्होरं काय व्हनार हाय? वाच.”

मी वाचलं. ‘ध्वनी’ला अडले, मागं आले, पुन्हा वाचलं. कोंडिबा समोर बसून माझ्याकडं डोळे वटारून बघत होता, तरी वाचलं. खाली सही केली. मग कट्ट्यावर बसून चार वाजायच्या आत सगळे अर्ज नव्यानं लिहिले. स्रोत, रेल्वे. अंतर, पावलं मोजून. पारू मात्र हटून बसली. म्हणाली, “रेल्वे लिव, पन त्याच्या म्होरं ‘व नवरा’ बी लिव. मी एकदा सांगितल्यालं मागं घेनार न्हाई.” मी घाबरत तसा अर्ज मॅडमपुढं ठेवला. मॅडमनी वाचला, पारूकडं पाहिलं, कोंडिबाकडं पाहिलं, आणि शिक्का मारला. म्हणाल्या, “स्रोत एकापेक्षा जास्त असू शकतात.”

हे सगळं एका दिवसात जमलं नाही. मध्ये कागद फिरले, मोजणीवाले आले, एकदा तर फाइलच सापडेना. तळेगावच्या माणसाला मावशीनं गोड बोलून, चहा पाजून तीनदा परत पाठवलं. “यंत्राला जरा बरं न्हाई,” असं ती त्याला सांगायची. पण हंगामाच्या तोंडावर लाइनीपलीकडच्या खोल्या दुरुस्त झाल्या, वर पत्रे आले, आणि दोन खोल्या गटाला मिळाल्या. शेजारच्या खोल्यांत वेल्डिंगवाला आणि ढोलपथक आलं. डंक, वेल्डिंग आणि ढोल एकदम सुरू झाले, की मालगाडी कधी आली ते कळायचंसुद्धा नाही.

पहिल्या हंगामात एकदा वीज गेली, सगळं एकदम शांत झालं. आम्ही दोघीच खोलीत मिरच्यांची देठं काढत बसलो होतो. मी विचारलं, “मावशी, तुला तवा खरंच कळलं न्हवतं का गं?”

“काय?”

“ध्वनी.”

“मला आदीच ठावं हुतं,” ती म्हणाली. “नोटीस देताना भाऊसाहेबानं सांगितलं हुतं, आवाजाची योजना हाय म्हनून.”

मी देठ काढायची थांबले. “मग सांगितलं का न्हाई? भर सभेत माजी काय दशा झाली.”

“तू पयल्यांदा धा बायकांच्या म्होरं तोंड उघडलं हुतंस. तितंच टोकलं असतं, तर ते पुना उघडलं असतंस व्हय? मी म्हनलं, दोन दिसांनी सांगू, नीट लिवून घिऊ. पन मग बायका सांगाया लागल्या.” तिनं मूठभर देठं सुपात टाकली. “त्यास्नी काय म्हनून थांबवू? सरकार तुमचं न्हाई, इंजनाचं इचारतंय, आसं म्हनू?”

“आन अर्ज बाद झालं असतं म्हंजी?”

“तर पुना लिवलं असतं. तू हुतीस की.”

वीज आली, डंक सुरू झाला, आणि पुढचं बोलणं राहून गेलं.

मागच्या थंडीत मावशी गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी उठलीच नाही. गटानं अध्यक्ष पारूला केलं, आणि कागद वाचायचं काम न विचारताच माझ्याकडं आलं. परवा पंचायतीतून एक पत्र आलं. भाऊसाहेब, बायका, वेल्डिंगवाला, सगळे उभे होते. दुसऱ्याच ओळीत ‘अनुज्ञप्ती’ असा शब्द होता. मी तीनदा अडले. चौथ्यांदा वाचला तो बरोबर होता की नाही, ते मला अजून माहीत नाही. पण वाचला असा मोठ्यानं, की शेजारच्या खोलीतले ढोलवाले वाजवायचे थांबले.