बिलावरची विळी

आमच्या कोळीवाड्यात विजेच्या मीटरचा फोटो काढायला महिन्यातून एकदा एक माणूस येतो. मीटरचा फोटो तो उभ्या उभ्या उरकतो आणि मग पडवीतल्या चिजांचे फोटो काढायला जमिनीवर आडवा होतो. उलटी पाटी, तुटकी चप्पल, काहीही त्याला चालतं. वस्तूला हात लावत नाही, स्वतःच सरकत राहतो. पँटला मासळीचं पाणी लागलं तरी त्याला पत्ता नसतो. "हां, हाय तशीच राहा," असं तो चपलेला सांगतो.

मी एकदा म्हटलं, "डोकं ठिकाणावर हाय ना रे?"

"आजी, तुमची सावली पडते. जरा बाजूला व्हा."

मागे त्याने माझ्या विळीचा फोटो काढला. पात्याला रावसाचा खवला चिकटला होता आणि त्यावर ऊन पडलं होतं. पुढे बिल आलं, तर मीटरच्या फोटोच्या जागी माझी विळी छापलेली. इतकी वर्षं तिच्यावर मासे कापले, पण तिच्याकडे नीट बघितलं ते त्या दिवशी.

संध्याकाळी तो धापा टाकत आला. "आजी, चुकून भलताच फोटो गेला. बिल ऑफिसात नेऊ नका, नोकरी जाईल माझी."

"ऑफिसात कशाला नेऊ? घरोघर दाखवून आले."

तो मटकन ओट्यावर बसला. तेवढ्यात शेजारीण आली. एका हातात तिचं बिल, दुसऱ्या हातात चेपलेली कळशी. कळशी त्याच्यापुढे ठेवून ती म्हणाली, "माझ्या बिलावर नुसता मीटर. मी काय घोडं मारलंय तुझं?"