किल्ल्याच्या दाराची चाल

आमच्या गावात नवरी मांडवात शिरते ती एका व्हिडिओ गेमच्या चालीवर. हे कितीतरी वर्षं फक्त मला आणि पप्पांना माहीत होतं. पप्पा घरची भातशेती बघायचे आणि लग्नसराईत बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. वसई पट्ट्यात राजोडीपासून अर्नाळ्यापर्यंत त्यांना बोलावणी यायची.

गेम माझा होता. तो टीव्हीला जोडायचा, वर कॅसेट खोचायची आणि चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची. “फुंकायचं तुमच्या घराण्यातच हाय,” आई म्हणायची. गेममधला शिपाई तलवार घेऊन किल्ल्याच्या दारापर्यंत पोचायचा, तिथे एक संथ, रुबाबदार चाल सुरू व्हायची आणि दारातला राक्षस त्याला लोळवायचा. मला काही तो राक्षस मारता आला नाही. अख्खी मे महिन्याची सुट्टी मी त्या दाराबाहेर काढली, आणि मागे खाटेवर पडल्या पडल्या पप्पांनी ती चाल पाठ केली.

पुढच्याच लग्नात त्यांनी ती वाजवली. चर्चमधून निघालेली नवरी मांडवाजवळ आली की बाकीचा बँड हळू व्हायचा आणि पप्पांचा ट्रम्पेट तिला पुढे न्यायचा. दाराच्या आत चाल कशी जाते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. पण नवरीचं पाऊल आत पडताना चाल कुठेतरी टेकायला हवी, म्हणून पप्पांनी पदरचा शेवट जोडला. लोकांना ती एवढी आवडली की शेजारची एक म्हातारी शपथेवर सांगायची, “माझ्या आयशीच्या लग्नात पन हीच वाजलेली!” पप्पा गंभीरपणे मान डोलवायचे. मीही त्याच चालीवर मांडवात शिरले आणि ढसाढसा रडले. लोकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून रडते.

तीन-चार वर्षांपूर्वी एका लग्नात शहरातून आलेल्या पोरांनी चाल ओळखली. त्यांनी मोबाइल काढले, हसून हसून लोळले, आणि “आजोबा गेम खेळतायत” असा व्हिडिओ गावभर फिरला. पप्पांनी ट्रम्पेट पुसला, पेटीत ठेवला आणि पेटी खाटेखाली ढकलली. “पोरांच्या खेळन्यातली चाल. लोकांना फसवलं मी,” एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांचं बोलणंही आटलं. जेवताना मीठ हवं असेल तरी मागायचे नाहीत. आई तर आधीच गेलेली. भावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिने हट्ट धरला, आजोबाच वाजवणार. ते म्हणाले, “डीजे बोलव.” मला माझे पप्पा परत हवे होते.

मुंबईत मोठा ऑर्केस्ट्रा व्हिडिओ गेमचं संगीत वाजवणार असल्याची जाहिरात मी पाहिली. कार्यक्रमात आमचा गेमही होता. पप्पांना खरं सांगितलं असतं तर ते खाटेवरून हलले नसते. म्हणून मी एवढंच म्हटलं, “खूप ट्रम्पेट आहेत, चला.” गाडी केली. ते लग्नातला कोट घालून निघाले.

सभागृहात कोणी पुठ्ठ्याची तलवार घेऊन आलेलं, कोणी पंख लावून. “हे कोनाच्या लग्नाला आलेत?” पप्पांनी विचारलं. मग काळ्या कपड्यातले वादक आले आणि सगळं शांत झालं. दोन-तीन रचना झाल्यावर व्हायोलिनवर ती चाल हलकेच सुरू झाली. पप्पांनी माझं मनगट पकडलं. एवढी माणसं, पुढ्यात कागद मांडून, एखाद्या प्रार्थनेसारखी ती वाजवत होती. आमच्या पुढचा पुठ्ठ्याच्या तलवारीवाला चक्क डोळे पुसत होता. मग ट्रम्पेटवाल्याने चाल उचलली.

“चुकला,” पप्पा माझ्या कानात म्हणाले. “तिथं दम घ्यायचा नाय. नवरी थांबते.”

कितीतरी वर्षांत ते एवढं सलग बोलले नव्हते. मला हसू आलं आणि तेवढ्यात चाल दाराच्या आत गेली. हा भाग मी कधीच ऐकला नव्हता. ती वर चढत गेली, मोकळी झाली, आणि मला आमची ओसरी दिसली, तो टीव्ही दिसला, “बंद कर ते!” म्हणून स्वयंपाकघरातून ओरडणारी आई दिसली. मी रडले. या वेळी माहेरासाठीच रडले.

बाहेर पडताना तलवारवाल्याने पप्पांना विचारलं, “अंकल, तुम्ही पण खेळायचे?”

“नाय. मी वाजवायचो. लग्नात.”

“लग्नात? लाइव्ह?” त्याने मित्रांना हाका मारल्या. पोरं पप्पांभोवती गोळा झाली. कोणीच हसलं नाही. परतताना गाडीने वसईची खाडी ओलांडली. मग पप्पा गुणगुणू लागले, तो दाराच्या आतला भाग.

लग्नाच्या दिवशी त्यांनी पेटी उघडली. ओठांची सवय मोडली होती, सुरुवातीचे दोन सूर घसरले. पण नंतर ट्रम्पेटने भाचीला धरलं आणि दम न घेता थेट मांडवाच्या दारापर्यंत आणलं. आता पप्पांनी जोडलेला शेवट येणार म्हणून तिने पाय उचलला. शेवट आलाच नाही. चाल वर चढली. जन्मभर एकाही नवरीला न थांबवणारा तो माणूस डोळे मिटून वाजवत राहिला. वऱ्हाड खोळंबलं, वाढपी भांडी घेऊन उभे, भाची एक पाय उचलून माझ्याकडे बघतेय.

“थांब गं जराशी,” मी म्हटलं. “मी अख्खी सुट्टी ह्या दाराबाहेर काढलीय. त्यांना आत जाऊ दे.”